वारसा कर आणि सामाईक घरावरचा बोजा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



वारसा कराचा विषय निघाला की चर्चा कराच्या दरापाशी येऊन थांबते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत हा विषय काही दिवस गाजला, तोही मुख्यतः मतदारांना भीती घालण्यासाठी. कर बसल्यावर घरावर जो बोजा चढतो तो उतरवायचा कसा, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. सामान्य कुटुंबाचा या कराशी खरा संबंध येतो तो तेथेच.

हा कर आपल्या देशाला नवा नाही. मृत्युकराचा, म्हणजेच इस्टेट ड्यूटीचा कायदा 15 ऑक्टोबर 1953 रोजी अमलात आला. चिंतामणराव देशमुख त्या वेळी अर्थमंत्री होते. संपत्तीचे केंद्रीकरण कमी व्हावे आणि राज्यांना विकासासाठी पैसा मिळावा, असे त्याचे दोन हेतू होते. पुढे वीस लाखांवरील संपत्तीच्या भागावर दर 85 टक्क्यांपर्यंत गेला. एवढे असूनही 1985 चा अर्थसंकल्प मांडताना विश्वनाथ प्रताप सिंग यांनी सांगितले की, उत्पन्न केवळ सुमारे 20 कोटी रुपये आहे आणि त्या मानाने वसुलीचा खर्च फार आहे. 16 मार्च 1985 पासूनच्या मृत्यूंना हा कर लागू राहिला नाही.

दर इतका कठोर असताना उत्पन्न इतके तुटपुंजे का? याचे एक कारण कायद्याच्या रचनेतच होते. मृत्यूच्या दोन वर्षांपेक्षा आधी केलेले खरेखुरे दान सामान्यतः करातून सुटत असे. ज्याच्या पदरी वकील आणि हिशेबनीस होते, त्याने इस्टेट वेळीच मुलानातवंडांच्या नावे केली. ज्याला आपल्या मरणाची अशी तजवीज सुचली नाही, त्याचे घर मात्र कायद्याच्या कक्षेत राहिले. 1958 च्या दुरुस्तीने करमुक्त मर्यादा 50 हजारांवर आणली होती. शहरातील जुन्या घराची किंमत वाढत गेली, तशी ही मर्यादा मध्यमवर्गीय कुटुंबाच्याही आड येऊ लागली.

आता बोजाकडे वळू. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर दिसतो. कर्ज फिटले की बेबाकीचा दाखला देऊन तो कमी करून घेता येतो. मृत्युकराचा बोजा त्या कायद्याच्या 74 व्या कलमाने आपोआप निर्माण होत असे. मृताकडून वारसांकडे आलेल्या स्थावर मालमत्तेवर कराचा पहिला हक्क असे, आणि वारसांनी परस्पर केलेले हस्तांतर सरकारच्या मागणीपुढे टिकत नसे.

समजा, दोन भावांच्या सामाईक मालकीचा वाडा आहे. थोरला वारला. कायद्याने बोजा त्याच्या निम्म्या हिश्श्यावरच. पण अविभक्त हिश्श्याला भिंत नसते. खरेदीदाराला आणि बँकेला सबंध वाडा निर्वेध हवा असतो. परिणामी ज्याच्याकडे कराची दमडीही येणे नाही, तो धाकटा भाऊही अडकतो. विधवा भावजय तर दुहेरी अडकते; कर भरण्यासाठी हिस्सा विकायचा, आणि कर भरल्याचा दाखला मिळेपर्यंत हिस्सा विकता येत नाही.

अमेरिकेत संघीय वारसा कराचा बोजा मृत्यूच्या दिवसापासून दहा वर्षे राहतो. मात्र उरलेली संपत्ती कराच्या वसुलीला पुरेशी असेल, तर विशिष्ट घर बोजातून मुक्त केल्याचा दाखला कर खाते देऊ शकते. सहमालकाच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या सहमालकाने संयुक्त घर विकले, तर खरेदीदाराच्या हातातील घर मोकळे होते आणि तसाच बोजा विकणाऱ्याच्या अन्य संपत्तीवर चढतो. 2026 साली तेथील करमुक्त मर्यादा दीड कोटी डॉलर आहे. ही मर्यादा समतेच्या दृष्टीने फार उदार आहे; परंतु बोजा एका मालमत्तेवरून दुसरीवर हलवता येतो, हे तत्त्व घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीही जन्मतः सहहिस्सेदार झाल्या. हिस्सेदार वाढले की दाखल्यासाठी लागणाऱ्या सह्याही वाढतात. बोजा उतरवणे किचकट ठेवले, तर ‘कागद सोपे व्हावेत’ म्हणून बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाईल. समतेसाठी आणलेला कर घरातल्या विषमतेला निमित्त देईल.

म्हणून वारसा कराची मागणी करणाऱ्यांनी दराबरोबरच चार गोष्टी मागितल्या पाहिजेत. राहत्या घरापुरत्या छोट्या वारशावर बोजा मुळीच नसावा. बोजा मृताच्या हिश्श्यापुरताच आहे, अशी स्पष्ट नोंद अभिलेखात व्हावी. विक्रीच्या रकमेतून कर परस्पर भरून त्याच दिवशी मालमत्ता मोकळी व्हावी. आणि अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत निर्णय दिला नाही, तर बोजा उतरला असे मानले जावे.

1985 साली हा कर गेला तेव्हा त्याच्या बचावासाठी सामान्य माणूस रस्त्यावर आला नाही. त्याला त्या कायद्यात धनिकांची सुटका आणि स्वतःचे हेलपाटे दिसले होते. तो अनुभव पुसून टाकणारा मसुदा हाती घेऊनच कार्यकर्त्यांनी पुन्हा लोकांसमोर जावे.