जिंजीची राजधानी

वेलचेरी हा चेन्नईचा दक्षिणेकडील भाग. तेथे बिऱ्हाड थाटलेले एक मराठी दांपत्य सुट्टीच्या दिवशी पहाटेच निघाले आणि तिंडिवनमवरून जिंजीस आले. राजधानी पाहावयाची म्हणून! परंतु राजवाड्याची जोती तेवढी उरली आहेत. तीन डोंगर तटाने एकत्र बांधलेले. त्यांत राजगिरी सर्वांत उंच.

शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये हा किल्ला घेतला. इतक्या दूरच्या किल्ल्याचा उपयोग बारा वर्षांनी कळला. रायगडास वेढा पडला आणि राजाराम महाराजांनी १६८९ मध्ये जिंजी गाठून येथूनच राज्य चालविले. झुल्फिकारखान सुमारे आठ वर्षे वेढा घालून बसला. तो मनापासून लढला की नाही, हा प्रश्न निराळा.

यजमानांनी राजगिरीचा चढ धरला. बाई कल्याणमहालाच्या सावलीत थांबल्या. ते घामाघूम होऊन परतले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “महाराज वेढ्यातून निसटले, मागे राहिलेल्या राण्यांचे काय झाले हो?”

१६९८ मध्ये किल्ला पडला. त्यातूनही ताराबाई महाराष्ट्रात परतल्या. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तल्यावर औरंगजेबाशी झुंज चालविली ती त्यांनीच.