प्रयोगशाळेतली काच घरात
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रयोगशाळेच्या मोडीतल्या काचसामानावर मी बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. पण ओव्हनमध्ये चालणाऱ्या काचभांड्यांची गोष्ट अशाच काचेपासून सुरू होते. १९१३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग गावी बेसी लिटलटन या बाईंचे ओव्हनमधले भांडे तडकले. यजमान काचकारखान्यात शास्त्रज्ञ. त्यांनी बॅटरीच्या काचबरण्यांची बुडे कापून आणली, आणि बाईंनी त्यांत केक भाजला. छान झाला! ही बोरॉनयुक्त काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने फुगते, म्हणून तडकत नाही.

पण त्या काचेत शिसे होते. ते वगळून नवी काच बनवली, तेव्हा कुठे १९१५ साली ‘पायरेक्स’ भांडी बाजारात आली.

म्हणून कॉलेजच्या भंगारातले चंचुपात्र मिळाले तर जरूर घ्या, पण चहासाठी नव्हे. त्यात पूर्वी काय उकळले, कोणास ठाऊक! साबणाने सारेच जाते असे नाही. शंकुपात्रात मनीप्लँट मात्र सुरेख रुजतो. टवका उडालेले काही घेऊ नये. आणि पाऱ्याचा तापमापक फुकट दिला तरी नको. फुटला तर पारा फरशीच्या फटीत शिरतो. त्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही.

आमच्या गच्चीवर सरळ बाजूंचे एक मोठे चंचुपात्र पावसाळाभर उघड्यावर असते. सकाळी आतले पाणी पट्टीने मोजायचे, की पाऊस किती मिलीमीटर झाला ते कळते. आकडा दिनदर्शिकेवर लिहिण्यासाठी नातवंडांची रोज भांडणे!