शिक्षकाचे शिक्षण आणि शिक्षकाचे वेतन



शिक्षकाने जन्मभर विद्यार्थी राहावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. पण या विद्यार्थिदशेचे मोल वेतनाच्या रूपाने द्यावे काय, आणि द्यावयाचे तर ते मोजावे कसे, असा प्रश्न निघाला म्हणजे हे एकमत टिकत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रयोग सुमारे शंभर वर्षे चालला आहे. त्याची हकीकत भारतातील शिक्षकांनाही उद्बोधक वाटेल.

तेथील शाळामंडळाचे वेतनपत्रक म्हणजे एक कोष्टक असते. त्याच्या आडव्या ओळी सेवेच्या वर्षांच्या आणि उभे रकाने शिक्षणाचे. पहिला रकाना केवळ पदवीधरांचा. दुसरा, पदवीनंतर १५ श्रेयांक मिळविलेल्यांचा. पुढे ३० श्रेयांक, पदव्युत्तर पदवी, तिच्यावर आणखी श्रेयांक, अशी रचना डॉक्टरेटपर्यंत जाते. निरनिराळ्या मंडळांत हे आकडे थोडेफार बदलतात, पण सांगाडा तोच. श्रेयांक हे विद्यापीठीय अभ्यासाचे माप होय. एका सत्रात दर आठवड्यास एक तास, म्हणजे सुमारे १५ तासांच्या तासिकांना एक श्रेयांक मिळतो. वर्ष सरले की शिक्षक एक ओळ खाली येतो; सायंकाळच्या किंवा उन्हाळी वर्गांना जाऊन पुरेसे श्रेयांक जमविले की तो एक रकाना उजवीकडे सरकतो. दोन्ही वाटांनी त्याचे वेतन वाढते.

हे कोष्टक आज रुक्ष वाटते. परंतु त्याचा जन्म अन्यायाच्या विरोधातून झाला, हे विसरता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे माध्यमिक शाळेतील शिक्षकाला प्राथमिक शिक्षकापेक्षा, आणि पुरुषाला स्त्रीपेक्षा अधिक वेतन देण्याची सर्रास पद्धत होती. न्यूयॉर्क शहरातील शिक्षिकांनी ग्रेस स्ट्रॅखन यांच्या नेतृत्वाखाली दीर्घकाळ चळवळ केली, तेव्हा कोठे १९११ साली त्यांना समान वेतनाचा कायदा मिळाला. १९२१ साली डेन्व्हर आणि डे मॉइन या शहरांनी एकच वेतनपत्रक सर्वांना लागू केले. कोण कोणत्या इयत्तेस शिकवतो, स्त्री आहे की पुरुष, हे पाहावयाचे नाही. सेवा किती आणि शिक्षण किती, एवढेच पाहावयाचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत जवळजवळ देशव्यापी झाली.

दक्षिणेतील राज्यांत मात्र कृष्णवर्णीय शिक्षकांसाठी वेगळे, हलके वेतनपत्रक असे. व्हर्जिनियातील नॉरफोक येथील अ‍ॅलाइन ब्लॅक या शिक्षिकेने १९३९ साली त्याविरुद्ध दावा लावला, तेव्हा तिला नोकरीस मुकावे लागले. तिचे सहकारी मेल्विन ऑल्स्टन यांनी लढा पुढे नेला. थर्गुड मार्शल हे त्यांच्या वकिलांपैकी एक होते, आणि १९४० साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने वर्णावरून वेतनभेद करणे घटनाबाह्य ठरविले. यानंतर दक्षिणेत अनेक ठिकाणी भेदभावाला नवे वेष मिळाले. दक्षिण कॅरोलिना राज्याने १९४५ साली शिक्षकाचा दर्जा एका परीक्षेच्या गुणांशी जोडला. गुणवत्तेच्या नावाने पूर्वीचीच विषमता पुष्कळ अंशी कायम राहिली. अमेरिकन शिक्षक गुणवत्तेच्या मोजमापाकडे आजही साशंकतेने पाहतात, त्याचे एक मूळ या अनुभवात आहे. श्रेयांक कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसतात, हा त्यांचा मोठा गुण होय.

तथापि जे सहज मोजता येते तेच मोलाचे असते, असे नाही. पदव्युत्तर पदवी घेतलेल्या शिक्षकाचे विद्यार्थी अधिक शिकतात काय, याचा शोध तेथील अर्थशास्त्रज्ञांनी वारंवार घेतला. एरिक हनुशेक यांनी १९८६ साली घेतलेल्या आढाव्यापासून बहुतेक अभ्यासांचा निष्कर्ष असा की, असा निश्चित संबंध आढळत नाही. एक अपवाद मात्र लक्षणीय आहे. गोल्डहेबर आणि ब्र्यूअर यांच्या संशोधनात, गणिताच्या शिक्षकाने गणितातच पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतली असेल, तर तिचा लाभ विद्यार्थ्यांपर्यंत पोचलेला दिसला. याचा अर्थ असा की, दोष शिकण्यात नसून काय शिकले जाते यात आहे. वेतनपत्रक विषय पाहत नाही, केवळ संख्या पाहते. मग शिक्षकही जवळचा, सोपा आणि कमी खर्चाचा अभ्यासक्रम निवडतो. यासाठी त्याला दोष देणे योग्य नाही. शुल्क पुष्कळदा त्याच्याच खिशातून जाते, वेळ त्याच्याच संसारातून काढावा लागतो. ज्या शिक्षिकेच्या घरी लहान मुले आहेत, किंवा ज्याच्या गावाजवळ विद्यापीठ नाही, त्यांना हा उजवीकडचा रकाना दुरूनच पाहावा लागतो. सर्वांना समान म्हणून निघालेली वाट अशा रीतीने सर्वांना सारखी सुगम राहत नाही.

यावर दोन उपाय योजले गेले. उत्तर कॅरोलिना राज्याने २०१३ साली कायदा करून नव्याने पदव्युत्तर पदवी घेणाऱ्यांची जादा वेतनवाढ बंद केली. ज्यांना ती आधीच मिळत होती, त्यांची चालू राहिली. डेन्व्हरने दुसरा मार्ग धरला. जेथे हे कोष्टक प्रथम आले त्याच शहरात २००५ साली मतदारांनी नव्या योजनेसाठी कर मंजूर केला. तिच्यात विद्यार्थ्यांची प्रगती, अवघड शाळांतील सेवा, शिक्षकाचे मूल्यमापन, अशा अनेक बाबींसाठी निरनिराळी पारितोषिके होती. पण पुढील वर्षी आपल्या हाती किती वेतन पडेल, हेच शिक्षकांना सांगता येईना. अखेर २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी संप केला. तीन दिवसांनी समझोता झाला, आणि त्यात पायऱ्या व रकाने यांचे स्पष्ट कोष्टक परत आले. शिक्षकाला निश्चिती हवी असते, ती आळसापोटी नव्हे. घरभाडे निश्चित असते म्हणून.

भारताला हा विषय परका नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे स्थापन केली, आणि महाविद्यालयीन अध्यापकांच्या वरच्या वेतनश्रेणीसाठी उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग आवश्यक ठरले. महाराष्ट्रात शालेय शिक्षकांना १२ वर्षांनंतर वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवड श्रेणी मिळण्यासाठी प्रशिक्षणाची अट आहे. २०२० च्या धोरणाने दर वर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. येथेही तासच मोजले जातात. प्रमाणपत्र मिळाले की नस्ती मिटते. वर्गात काय बदलले, हे विचारण्याची जागा त्या नस्तीत नसते.

म्हणून कोष्टक फाडून टाकणे हा उपाय नव्हे. ते फाडल्यास त्याच्या जागी पूर्वीची मर्जी येईल, आणि तिचा जाच दुर्बलांनाच प्रथम होईल. कोष्टक राहावे, पण शिक्षक जो विषय शिकवतो त्याच्याशी त्याच्या अभ्यासाचा संबंध असावा, त्याचा खर्च आणि वेळ शाळेने उचलावा, आणि दूरच्या शाळेतील शिक्षकापर्यंत तो अभ्यास स्वतः चालत जावा. मुख्य म्हणजे मूळ वेतन इतके असावे की, केवळ पोटासाठी कोणी प्रमाणपत्रांच्या मागे लागू नये. असे झाले तर शिक्षक शिकेल तो वेतनवाढीसाठी नव्हे, तर उद्याच्या तासासाठी. आणि वेतनवाढ ही त्या शिकण्याची योग्य पावती ठरेल.