चढावर नव्हे, उतारावर ठरवा

जुनी फोर बाय फोर घ्यायला निघालेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई नसते. गॅरेजच्या दारात दोन मिनिटं उभं राहा, कुणीतरी सांगणारच, ‘आडवाटेला मॅन्युअलच पाहिजे, ऑटोमॅटिक म्हणजे शहरातलं काम.’ सांगणारा ठामपणे सांगतो, पण बहुतेक वेळा त्याने ऑटोमॅटिक गाडी खडकावर कधी चढवलेली नसते. त्यात त्याचा दोष नाही. विलीज, एमएम ५४०, १९८५ साली आलेली जिप्सी, फोर बाय फोर सफारी, २०१० ची पहिली थार, सगळ्या क्लचवाल्या. डावा पाय दुखला तरी पर्याय नव्हता, त्यामुळे प्रश्नही नव्हता. आता जुन्या बाजारात ऑटोमॅटिक एन्डेव्हर दिसतात, फॉर्च्युनर दिसतात, २०२० नंतरच्या थारही हळूहळू यायला लागल्या आहेत. तेव्हा प्रश्न खरा झाला आहे.

त्याचं उत्तर शोधायला मी तुम्हाला जरा लांब, अमेरिकेत नेणार आहे. कारण दोन्ही प्रकारांची तुलना करायची तर गाडी एकच हवी, इंजिन एकच हवं आणि गिअरबॉक्स मात्र दोन हवेत. अशी एक गाडी आहे. जीप चेरोकी, तिचे चाहते तिला एक्सजे म्हणतात. १९८४ च्या मॉडेलपासून २००१ पर्यंत ती निघाली. १९८७ पासून तिच्यात चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन येऊ लागलं. ते इंजिन पाच गिअरच्या मॅन्युअलबरोबरही मिळे आणि चार गिअरच्या ऑटोमॅटिकबरोबरही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी श्रोत्यांनी ही चौकोनी गाडी युटातल्या मोआबच्या खडकांवर किंवा शेजाऱ्याच्या अंगणात नक्की पाहिली असेल.

आता थोडा हिशेब. फोर लो टाकून, म्हणजे चारही चाकांना जोर देत सावकाश चालण्याची लो रेंज लावून, पहिल्या गिअरमध्ये गाडी किती सावकाश आणि किती ताकदीने सरकेल, हे तीन आकड्यांच्या गुणाकारावर ठरतं. पहिल्या गिअरचा आकडा, लो रेंजचा आकडा आणि डिफरन्शियलचा आकडा. युद्धातल्या विलीज जीपचा गुणाकार साधारण साडेपंचवीस येतो. म्हणजे इंजिन साडेपंचवीस वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं. चेरोकीच्या मॅन्युअलचा, म्हणजे एएक्स-१५ या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.८३, लो रेंज २.७२ आणि डिफरन्शियल ३.०७. गुणाकार झाला ३२. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर २.८०, लो रेंज तीच, डिफरन्शियल ३.५५. गुणाकार २७. कागदावर मॅन्युअल जिंकली. ३२ च्या गुणाकाराला इंजिन नुसतं आयडलिंगला ठेवलं तरी ती तासाला तीनेक किलोमीटरने सरकते, माणसाच्या चालण्यापेक्षा हळू.

पण कागदावर टॉर्क कन्व्हर्टर दिसत नाही. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच प्लेट नसते, तेलाने भरलेलं एक गोल भांडं असतं. इंजिनाकडची पाती ते तेल फेकतात, समोरची पाती ते झेलतात आणि गिअर फिरवतात. मधे आणखी एक पात्यांचं चाक असतं. ते परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवून त्याचा जोर पुन्हा कामाला लावतं. त्यामुळे चाक थांबलेलं आणि इंजिन फिरतंय अशा क्षणी, म्हणजे नेमकं चाक दगडाला अडलेलं असताना, इंजिनाचा पीळ जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. २७ चे त्या क्षणापुरते ५० च्या वर होतात. मॅन्युअलवाला तिथे हाफ क्लचवर खेळत असतो, आणि थोड्या वेळात क्लच जळाल्याचा वास गाडीभर होतो.

दुसरी गोष्ट धक्क्याची. क्लच एकदम सुटला की तो झटका थेट मागच्या ॲक्सलच्या दांड्यांवर बसतो. चेरोकीच्या बऱ्याच गाड्यांना मागे डाना ३५ नावाचा ॲक्सल आहे, आणि तो नाजूक म्हणून बदनाम आहे. ऑटोमॅटिकमध्ये ताकद तेलातून येते, झटका बराचसा तेलच खातं. वीस-पंचवीस वर्षं धावलेल्या सांध्यांना हे फार मानवतं. डावा पाय ब्रेकवर आणि उजवा ॲक्सिलरेटरवर ठेवून अनुभवी चालक ऑटोमॅटिक गाडी दगडावर इंचाइंचाने चढवतात. ते बघताना मॅन्युअलचा कट्टर माणूसही गप्प होतो. वाळूतही तसंच. राजस्थानच्या टेकाडावर गिअर बदलायला क्लच दाबला की त्या क्षणात गाडीचा वेग मरतो आणि चाकं रुततात. ऑटोमॅटिकचा जोर मध्ये तुटत नाही.

म्हणजे चढावरचा वाद मिटला असं माझं मत आहे. चढाला ऑटोमॅटिक उजवी.

पण आपला प्रश्न चढाचा नाही, उतरायचा आहे. जुलैमध्ये कोकणातल्या एखाद्या वाडीकडे जाणारी लाल मातीची कच्ची वाट डोळ्यांसमोर आणा. वर निसरडी माती, खाली जांभ्याचा खडक, कडेला ओहोळ. बऱ्याच जुन्या गाड्यांना एबीएस नाही, उतारावर स्वतःहून वेग आवरणारी इलेक्ट्रॉनिक सोय नाही. ब्रेक दाबला की चाक थांबतं, गाडी थांबत नाही. बैलगाडी उतरणीला लागली की जू बैलांच्या मानेवर येतं आणि बैल पाय रोवून ती मागे रेटतात. गाडीत हे काम इंजिनाने करायचं असतं. मॅन्युअलमध्ये फोर लो, पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलांवरून काढायचे आणि स्टिअरिंग धरून बसायचं. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये लोखंडाला लोखंड भिडलेलं असतं, त्यामुळे ३२ चा गुणाकार इथे पूर्णपणे हाती लागतो. गाडी घसरू लागली तर ब्रेक नव्हे, किंचित ॲक्सिलरेटर द्यायचा, म्हणजे चाकं पुन्हा फिरून माती धरतात.

ऑटोमॅटिकमध्ये उतारावर कन्व्हर्टर दुप्पट करत नाही, उलट तेलातून घसरतो. वरच्या गिअरांत तो लॉक होऊ शकतो, म्हणजे न घसरता थेट जोडला जातो, पण त्या काळच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सहसा लॉक नसतं. दांडा एकवर ठेवला तरी गाडी हवी त्यापेक्षा जरा जास्त पळते, आणि मग ब्रेक आलाच. कोरड्या खडकावर ते चालून जातं. ओल्या मातीत चालत नाही.

चढ अर्ध्यात फसला तरी हाच फरक दिसतो. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये बंद पडली की तिथेच अडकून राहते. घाबरायचं नाही. पाय ब्रेकवर, रिव्हर्स टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा आणि चावी फिरवायची. स्टार्टर मोटरच्या जोरावर गाडी मागे सरकत सुरू होते, क्षणभरही मोकळी सुटत नाही. अलीकडच्या गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सुरू न होण्याचा स्विच असतो, त्यांत हे जमत नाही. जुन्यांत जमतं. ऑटोमॅटिकचं इंजिन उतारावर बंद पडलं तर आतला तेलाचा पंपही थांबतो आणि दांडा डीवर असूनही गाडी धरायला कुणी नसतं. ब्रेकही जड होतो. अशा वेळी आधी हँडब्रेक, मग पार्क, मग चावी. आणखी एक इशारा दोन्हींसाठी. छोटा दांडा, म्हणजे फोर बाय फोरचा, न्यूट्रलला राहिला तर गिअरही धरत नाही आणि पार्कही धरत नाही. उभी गाडी दरीत गेल्याच्या गोष्टींत पुष्कळदा हेच घडलेलं असतं.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग जुन्या गाडीला मॅन्युअलच मजबूत, नाही का? पुन्हा चेरोकीकडे जाऊ. १९८७ ते १९८९ च्या सुमाराच्या मॅन्युअल चेरोकींमध्ये प्यूजोचा बीए-१०/५ नावाचा गिअरबॉक्स होता. त्या इंजिनाचा जोर त्याला पेलत नसे. जाणकार आजही तो दिसला तर गाडी घेत नाहीत. त्याच वर्षांतल्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र जपानच्या आयसिन-वॉर्नरचा एडब्ल्यू-४ होता, आणि तो मोठमोठी अंतरं बिनतक्रार चालतो असा त्याचा लौकिक आहे. त्याचा कंप्युटर जरी बिघडला तरी दांड्याने हाताने पहिला, तिसरा आणि चौथा गिअर घेऊन घरी येता येतं. आपल्याकडच्या २०२० च्या थारमधला सहा गिअरचा ऑटोमॅटिकही आयसिनचाच आहे. तेव्हा ‘मॅन्युअल की ऑटोमॅटिक’ असं विचारण्याआधी ‘कुठला गिअरबॉक्स, कुठल्या सालचा’ हे विचारायला हवं.

आणि त्याचं तेल कोणत्या अवस्थेत आहे, हेही. ऑटोमॅटिकचा शत्रू उष्णता. चिखलात किंवा वाळूत कन्व्हर्टर सतत घसरत राहिला की तेल तापतं, करपतं आणि आतल्या घर्षणाच्या चकत्या झिजवतं. बहुतेक जुन्या गाड्यांत हे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातच असते. आडवाटेला जायचं तर वेगळा ऑइल कूलर लावणं हा चैनीचा खर्च नाही. डिपस्टिक असेल तर इंजिन गरम करून, चालू ठेवून ती ओढा. तेल लालसर आणि पारदर्शक असावं. तपकिरी आणि करपट वासाचं असेल तर किंमत पाडायच्या भानगडीत न पडता नमस्कार करून निघावं. दुधाळ गुलाबी दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे, आणि पाणी त्या चकत्यांचा चिकटवलेला थर सोडवतं. ओढा ओलांडणाऱ्यांनी गिअरबॉक्सच्या श्वासाची नळी उंच बांधली आहे का, ते पाहावं. मॅन्युअलवाल्यांनीही पाण्यात मध्येच क्लच दाबू नये. चिखलाचं पाणी प्लेटमध्ये गेलं की पुढचा किनारा लांब वाटू लागतो.

मॅन्युअलची परीक्षा सोपी आहे. हँडब्रेक ओढून, सपाट मोकळ्या जागी, तिसरा गिअर टाकून क्लच सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. ते निवांत चालू राहिलं तर प्लेट संपली. मग उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडा. दांडा आपोआप न्यूट्रलला उडाला तर काम मोठं आहे. ऑटोमॅटिकमध्ये थंड गाडीचा दांडा न्यूट्रलवरून रिव्हर्सला टाका. गाडीने लगेच अंग उचललं पाहिजे. दोन-तीन सेकंद विचार करत बसली तर आत कुठेतरी दाब गळतोय. मालक ‘थंडीत असं होतंच’ म्हणेल. होत नाही.

आणखी एक हिशेब दुरुस्तीचा, आणि माझ्या मते आपल्या मुलखात तो सगळ्यांत मोठा. क्लच प्लेट तालुक्याच्या गावातला फिटर संध्याकाळपर्यंत बसवून देतो. ऑटोमॅटिक उघडायला पुणे-मुंबई गाठावं लागतं, आणि गाडी तिथवर न्यायची म्हणजे ट्रकवर चढवूनच. बॅटरी बसली तर मॅन्युअल चार माणसांच्या धक्क्यावर सुरू होते. जवळपास सगळ्या ऑटोमॅटिक होत नाहीत, कारण इंजिन फिरल्याशिवाय तेलाला दाबच येत नाही. एकट्याने आडवाटेला जाणाऱ्याने चार्ज केलेला जंप स्टार्टर बरोबर ठेवावा, नुसत्या जंप केबलला दुसरी गाडी लागते.

तर मला विचाराल तर असं. गुडघे कुरकुरत असतील, आठवड्याचे पाच दिवस गाडी शहरात चालणार असेल, सोबत दुसरी गाडी असेल आणि पुण्या-मुंबईत चांगला ऑटोमॅटिकवाला माहीत असेल, तर तेल स्वच्छ असलेली ऑटोमॅटिक बेलाशक घ्या, लोक काय म्हणतात ते टपरीवर राहू द्या. पण पावसाळ्यात घाटमाथ्याखालच्या मातीत उतरायचं असेल, आणि तेही एकट्याने, तर मॅन्युअल. पाहायला गेलात की मालक तुम्हाला हौसेने चढावर नेईल. तुम्ही त्याला उतारावर न्यायला सांगा, फोर लोमध्ये, ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता.

काहीजणांना तिसरी वाट सुचते. स्वस्तात मिळालेली ऑटोमॅटिक घ्यायची आणि तिच्यात मॅन्युअल बसवायचा, नाहीतर उलट. त्यात फ्लायव्हील, पेडल, मागचा छोटा गिअरबॉक्स, वायरिंग, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, एकेक करत सगळं बदलत जातं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल त्याखाली सहजासहजी चालत नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण, आणि तपासणीला आलेला अधिकारी आरसी बुकातल्या नोंदी आणि समोरची गाडी ताडून पाहतो. तिथे अडकलेली गाडी आडवाटेलाच काय, हमरस्त्यालाही लागत नाही. तेव्हा जो गिअरबॉक्स हवा, तो बसलेलीच गाडी शोधा, दोन महिने जास्त लागले तरी.