उतारवयांतील चढ : विजेची डोंगरी सायकल निवडतांना

ज्या वयांत मनुष्यानें जिनासुद्धां कठडा धरून उतरावा अशी घरच्या मंडळींची इच्छा असते, त्या वयांत मीं डोंगर चढणारी सायकल विकत घेतली, ही गोष्ट आरंभींच कबूल करून टाकतों. माझें वय सदुसष्ट. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि पुढें अध्यापनाचा अभ्यासक्रम तेवढा. छत्तीस वर्षें मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यांत गेलीं. यंत्रशास्त्रावर अधिकारवाणीनें बोलण्याचा मला हक्क नाहीं. परंतु चुकलेलें उदाहरण विद्यार्थ्याच्या अधिक लक्षांत राहतें, हा शिक्षकाचा अनुभव आहे. आणि या विषयांत मीं एक चांगलें महागडें उदाहरण चुकविलेलें आहे.

आम्ही पुण्याचे. पुण्याहून सिंहगड सुमारें तीस किलोमीटर. आम्ही चार शिक्षकमित्र कित्येक वर्षें रविवारीं पहांटे सायकलीवरून निघून गडाचा घाट चढत असूं, वर दहीं खाऊन दुपारच्या आंत घरीं परतत असूं. पुढें एकाचें हृदय दुबळें झालें, एक मुलाकडे परगांवीं गेला, एक आम्हांला कायमचाच सोडून गेला. मी उरलों, पण माझे गुडघे उरले नाहींत. सांध्यांतील कूर्चा झिजली आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. सायकल चालवा, परंतु चढावर गुडघ्यावर जोर देऊन पायडल दाबूं नका, असा त्यांचा सल्ला पडला. आतां चढावर जोर न देतां गड कसा चढावा? या प्रश्नाच्या उत्तराच्या शोधांत मी विजेच्या सायकलीपर्यंत आलों.

ही सायकल म्हणजे मोटारसायकल नव्हे. आपण पायडल मारावें आणि मोटरनें आपल्या बळांत स्वतःचें बळ मिळवावें, अशी तिची योजना आहे. जपानमधील यामाहा कंपनीनें १९९३ सालीं पायाच्या जोराला अशी साथ देणारी सायकल बाजारांत आणली आणि तेव्हांपासून हा प्रकार देशोदेशीं पसरत गेला. नेदरलँड्स हा तर सायकलींचाच देश. तेथें २०२२ सालीं विकल्या गेलेल्या नव्या सायकलींपैकीं निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. आपल्याकडे मोटरची शक्ति २५० वॅटहून कमी असेल आणि वेग ताशीं २५ किलोमीटरवर जाण्यापूर्वीं तिची मदत बंद होत असेल, तर त्या सायकलीला कायद्यानें मोटार वाहन समजत नाहींत. म्हणून परवाना व नोंदणी लागत नाहीं. डोंगरी सायकल म्हणजे हिचीच रुंद टायरांची, भक्कम सांगाड्याची आणि पुढें शॉकअप असलेली बहीण.

आतां माझी चूक सांगतों. मीं पहिली सायकल किंमत पाहून घेतली. दुकानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष दुकानदाराहून माझ्या अज्ञानाचा अधिक होता. तिला मागच्या चाकाच्या मध्यभागीं मोटर होती आणि पायडल फिरतें आहे कीं नाहीं एवढेंच ओळखणारा एक खटका होता. पाय किती जोरानें फिरतो याचें त्या खटक्याला ज्ञान नव्हतें. पायडल अर्धा फेरा फिरे तोंवर मोटर स्वस्थ. मग एकदम जागी होऊन पूर्ण जोरानें ढकलणार. आणि आपण थांबलों तरी क्षणभर ढकलतच राहणार. सपाट रस्त्यावर यांत कांहीं वाईट वाटत नाहीं. परंतु एके दिवशीं टेकडीच्या पायथ्याशीं बारीक खडीवर मी हळूहळू वळण घेत होतों. तोल सांवरण्यापुरतें पायडल मारलें, आणि मोटरनें मला वळणाबाहेर ढकलून दिलें. डाव्या मनगटाच्या हाडाला चीर पडली. सहा आठवडे हात प्लास्टरांत होता.

त्या सहा आठवड्यांत आमच्या घरीं सायकलीविषयीं कोणी एक शब्द काढला नाहीं. रागावलेल्या माणसाची समजूत घालतां येते, मौन धरलेल्याची घालतां येत नाहीं. शेवटीं मींच विषय काढला, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मोटर तुम्हांला वर ओढून नेईल, हें मला पटतें. पण तुम्ही पडलांत तर मोटर तुम्हांला उचलणार आहे का? आणि सायकल तुमच्या अंगावर पडली तर ती तुम्हांला उचलेल का?" श्रोतेहो, छत्तीस वर्षें मीं प्रश्नपत्रिका काढल्या, पण इतका नेमका प्रश्न मला कधीं सुचला नव्हता. दुसरी सायकल मीं या प्रश्नाचें उत्तर म्हणून निवडली. त्या निवडीचीं कलमें क्रमानें सांगतों.

पहिलें कलम, मोटरला पायाचा जोर कळला पाहिजे. चांगल्या सायकलींत पायडलांच्या आसावर पडणारा दाब मोजणारी योजना असते. हळू दाबलें तर थोडी मदत, अधिक दाबलें तर अधिक, आणि पाय थांबला कीं मदतही थांबली. ही मदत सुज्ञ सोबत्यासारखी असते. वृद्धाच्या दृष्टीनें हा भेद ऐषआरामाचा नसून हाडें शाबूत राहण्याचा आहे.

दुसरें कलम, मोटरची जागा. चाकांत बसविलेली मोटर चाकाबरोबर फिरते. घाटांत चाक हळू फिरूं लागलें कीं मोटरही हळू फिरते, वीज अधिक खाते, तापते, आणि लांब चढावर दमते. पायडलांच्या आसापाशीं बसविलेली मोटर आपलें बळ चेनीवाटे आणि गिअरांतून मागच्या चाकाला पोंचविते. म्हणून हलका गिअर टाकला कीं आपल्या पायांप्रमाणें तिलाही चढ सोपा होतो. हिचे तोटेही सांगितले पाहिजेत. चेन व दांत्यांच्या चकत्या लवकर झिजतात, गिअर बदलतांना पायाचा जोर क्षणभर सैल करावा लागतो, आणि किंमत पुष्कळ अधिक पडते. चाकांतील मोटरच्या सायकली तीस-चाळीस हजारांत मिळतात; आसापाशीं मोटर असलेली खरी डोंगरी सायकल लाखांच्या हिशेबांत जाते. ज्यांना सपाट रस्त्यानें मंडईपर्यंत व बागेपर्यंतच जावयाचें आहे, त्यांनीं हा खर्च करूं नये, असेंच मी सांगेन.

येथें थोडें अंकगणित करूं. मी सत्तर किलो, सायकल चोवीस, पाणी-पिशवी सहा. एकूण शंभर किलो. शंभर मीटर अंतरांत आठ मीटर वर नेणारा घाट ताशीं आठ किलोमीटर वेगानें चढावयाचा, तर सुमारें दोनशें वॅट शक्ति लागते. माझ्या वयाचा, संवय असलेला मनुष्य त्यांतील शंभराच्या आंतबाहेर शक्ति बराच वेळ देऊं शकतो. म्हणजे उणी पडते ती अवघी शंभर वॅट. अडीचशें वॅटची मोटर ही उणीव सहज भरून काढते. तेव्हां अधिक शक्तीच्या जाहिरातींना भुलण्याचें आपणांस कारण नाहीं.

तिसरें कलम, बॅटरी. तिच्यावर व्होल्ट आणि अँपिअर-तास असे दोन आंकडे लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास, आणि खरेदी करतांना हाच आंकडा पाहावयाचा. ३६ व्होल्ट व १४ अँपिअर-तास म्हणजे ५०४ वॅट-तास. आपल्या घरच्या विजेचें एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे ही बॅटरी भरण्यास अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. आतां पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच व सिंहगड सुमारें १३१२ मीटर. अंतर धरा ७५०. शंभर किलो वजन एवढें वर न्यावयाचें म्हणजे सुमारें २०४ वॅट-तासांचें काम झालें. त्यांतील अर्धें मीं केलें, तर मोटरच्या वाट्याला शंभर येतात. यंत्रांत वाया जाणारी वीज धरून बॅटरींतून सव्वाशें-दीडशें जातात, आणि सपाट रस्त्याचें निराळें. ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी २५२ वॅट-तासांचीच असते. मी दमलों आणि सगळा भार मोटरवर पडला, तर ती घाटांतच दगा देईल. शिवाय बॅटरीही वयानें क्षीण होते. म्हणून आज लागते त्याच्या दुपटीची घ्यावी. ती सायकलीपासून काढतां येणारी असावी, म्हणजे सायकल खालीं कुलुपांत ठेवून बॅटरी तेवढी घरांत नेतां येते. तिच्याच कंपनीचा चार्जर वापरावा, रात्रीं सर्व निजलेले असतां ती भरत ठेवूं नये, आणि आपटलेली किंवा फुगलेली बॅटरी मुळींच वापरूं नये. अशा बॅटऱ्यांच्या आगी विझविण्यास फार कठीण असतात.

चौथें कलम, वजन आणि उंची. सौभाग्यवतींच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. विजेची डोंगरी सायकल बहुधा वीस ते पंचवीस किलोंची असते. नेदरलँड्समध्यें सुद्धां वृद्धांच्या कित्येक पडण्या वेगांत न होतां चढतां-उतरतांना होतात. म्हणून दुकानांत एक परीक्षा अवश्य घ्यावी. सायकल जमिनीवर आडवी ठेवून ती स्वतः उचलून उभी करावी. सीटवर बसून दोन्हीं पाय जमिनीला टेकतात कीं नाहीं तें पाहावें. आणि पाय उंच न उचलतां मधल्या दांडीवरून पलीकडे नेतां येतो कीं नाहीं, हें दहा वेळां करून पाहावें. पहिल्या वेळेला सर्वांनाच जमतें. खरी परीक्षा दहाव्या वेळेला होते. हँडलवरील कळ दाबून सीट खालींवर करण्याची सोय कांहीं सायकलींना असते. तरुण ती उतारावरील कसरतीसाठीं घेतात, आम्हीं ती सुखरूप उतरण्यासाठीं घ्यावी. ही परीक्षा माझ्या बाबतींत सौभाग्यवतींनीं स्वतः दुकानांत खुर्चीवर बसून घेतली. दोन सायकली त्यांनीं नापास केल्या. दुसरी मला फार आवडली होती.

पांचवें कलम, ब्रेक. चढण्यासाठीं मोटर असते, उतरण्यासाठीं ब्रेकच असतात. शंभर किलोंचा भार घाटांतून खालीं आणावयाचा म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक हवेत. ते एका बोटानें दाबले जातात, आणि दुखऱ्या मनगटाला याचें महत्त्व किती तें मीं सांगावयास नको. रुंद टायरांत हवा थोडी कमी ठेवली कीं खडीवर पकड राहते. मागेंही शॉकअप असलेली सायकल दगडधोंड्यांच्या वाटेवर सुख देते. पण ती जड, महाग, आणि दुरुस्तीला अवघड. घाटरस्ता व साधी कच्ची वाट यांसाठीं पुढचा शॉकअप पुरेसा आहे. आणि घेण्यापूर्वीं दुकानदाराला एक साधा प्रश्न विचारावा : मोटर बंद पडली तर आपल्याच गांवांत ती कोण दुरुस्त करील? उत्तर देतांना तो अडखळला, तर पुढच्या दुकानांत जावें.

याखेरीज एक गोष्ट दुकानांत मिळत नाहीं. ती म्हणजे डॉक्टरांची संमति. मोटर गुडघ्यांचा भार हलका करते, पण हृदय आपलेंच असतें. मला डॉक्टरांनीं खूण सांगितली, ती अशी कीं चढतांना सोबत्याशीं दोन वाक्यें सरळ बोलतां आलीं पाहिजेत. बोलणें तुटूं लागलें कीं मोटरची मदत एक पायरी वाढवावी किंवा थांबावें. छातींत दुखलें तर मात्र मोटरचा विचार न करतां उतरावें आणि मदत मागवावी.

नवी सायकल घेतल्यावर पहिल्या रविवारीं मी गडावर पोंचलों नाहीं. घाटाच्या मध्यावर, बोलावयास कोणी नसल्यामुळें, मी मुलांचे पाढे मोठ्यानें म्हणत चढत होतों. एकोणिसाच्या पाढ्यांत श्वास तुटला. बॅटरी पुष्कळ शिल्लक होती. पूर्वींचा मी असतों तर तसाच पुढें गेलों असतों. त्या दिवशीं मीं सायकल वळविली. घरीं आल्यावर सौभाग्यवतींनीं विचारलें, "काय, झाला का गड?" मीं म्हटलें, "नाहीं, अर्ध्यावरून परत आलों." त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण त्या दिवसापासून रविवारीं पहांटे माझी पाण्याची बाटली भरलेली दिसूं लागली.

चवथ्या रविवारीं मी वर पोंचलों. पूर्वीं आम्ही चौघे बसत असूं त्या बाजूला बसून दहीं खाल्लें. खडकवासल्याचें पाणी खालीं दिसत होतें. परगांवीं गेलेल्या मित्राला तेथूनच फोन केला. त्यानें प्रथम विचारलें, "मोटरवर चढलास ना? मग तें चढणें कसलें?" मीं त्याला सांगितलें कीं दोनशें वॅटपैकीं शंभर माझेच होते. तो गणिताचा शिक्षक होता, त्यानें थोडा वेळ हिशेब केला आणि मग हळूच विचारलें, "माझ्या उंचीच्या माणसाला सीट खालीं करतां येते का?"

येते, असें मीं त्याला सांगितलें. आपल्यांपैकीं ज्यांना हाच प्रश्न पडला असेल, त्यांनाही माझें हेंच उत्तर आहे. मात्र दुकानांत जातांना घरांतील परीक्षकाला बरोबर न्यावें.