गरवण्याच्या रॉडवर नाव घालताना

आमचा बचत गट किनाऱ्यावरचा आहे. पापड, मसाले, कोकम यांबद्दल आपण या कार्यक्रमात पुष्कळ ऐकतो. आज आम्ही जरा वेगळ्या कामाबद्दल सांगणार आहोत. मासे गरवायच्या रॉडवर नाव आणि नक्षी घालायचं काम.

गरी टाकून मासे धरणं आपल्याला नवं नाही. पण आता शहरातून हौसेने गरवायला येणारी मंडळी स्वतःच्या मापाचा रॉड बांधून घेतात. आमच्या जवळ असे रॉड बांधणारा एक कारागीर आहे. तो फायबरच्या किंवा कार्बनच्या नुसत्या दांड्याला मूठ बसवतो, दोरी जायच्या कड्या दोऱ्याने गुंडाळून पक्क्या करतो आणि त्यावर इपॉक्सीचा काचेसारखा थर देतो. मुठीच्या वर थोडी जागा मोकळी राहते. तिथे कुणाला स्वतःचं नाव हवं असतं, कुणाला होडीचं, कुणाला एखादा मासा किंवा वेल. ते काम आमच्याकडे येतं. मेंदीवर बसलेला हात इथे उपयोगी पडतो.

जागा फार अरुंद असते. दांडा बोटापेक्षा बारीक आणि गोल. अक्षर चार-पाच मिलिमीटरपेक्षा उंच काढलं, तर ते पलीकडे वळतं आणि वाचता येत नाही. मराठी नावात वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, तेही याच मापात बसवायचे असतात. शिरोरेषा जरा वाकडी गेली, तरी सरळ दांड्यावर लगेच दिसते. म्हणून आम्ही आधी नाव कागदाच्या पट्टीवर लिहून ती दांड्यावर गुंडाळून बघतो. रील रॉडच्या वर बसणार की खाली, हेही आधी विचारून घ्यावं. हातात धरल्यावर जी बाजू आपल्याकडे येते, तिथेच नाव यायला हवं.

पहिली रीत हाताने लिहायची. दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, म्हणजे बोटांचं तेल निघून जातं. शिरोरेषेसाठी चिकटपट्टी लावावी. बारीक टाकाने किंवा ब्रशने अॅक्रिलिक रंग वापरावा. साध्या मार्करची शाई इपॉक्सीखाली पसरू शकते. आणि दांडा कधीही कोरू किंवा खरवडू नये. तंतू तुटला की मोठा मासा लागल्यावर रॉड तिथेच मोडतो.

दुसरी रीत पाण्यावर सुटणाऱ्या डेकल कागदाची. त्यावर नाव छापायचं. इंकजेट प्रिंटरची शाई पाण्यात विरघळते, म्हणून छपाई वाळल्यावर पारदर्शक अॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात द्यायचे. मग अक्षरांच्या अगदी जवळून कापायचं, थोडा वेळ पाण्यात बुडवायचं आणि सुटलेला पापुद्रा दांड्यावर सरकवायचा. मऊ कापडाने खालचं पाणी आणि हवा बाहेर काढून रात्रभर वाळू द्यायचं. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे काळ्या दांड्यावर पारदर्शक कागदाची अक्षरं बुडून जातात. तिथे आम्ही पांढऱ्या रंगाने हातानेच लिहितो.

शेवटी इपॉक्सी. दोन्ही भाग सिरिंजने मोजून, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावेत. अंदाजाने घेतले तर थर चिकट राहतो. हळू ढवळावं, नाहीतर बुडबुडे येतात. थर धरेपर्यंत रॉड सावकाश फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर तो खाली ओघळतो. पावसाळ्यात दमट हवेने थर धुरकट होऊ शकतो, म्हणून त्या दिवसांत बंद, कोरडी खोली बघावी. पण वास कोंडणार नाही एवढी हवा हवीच. आणि मैत्रिणींनो, हातमोजे घातल्याशिवाय इपॉक्सीला हात लावू नका. त्याची अॅलर्जी एकदा जडली की पुढे थोडाही स्पर्श सोसत नाही. चूल आणि मुलं यांच्यापासून हे काम लांब ठेवा.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी एक व्यापारी आमच्याकडे साधे, स्वस्त रॉड घेऊन आला. एका मोठ्या परदेशी कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह त्यावर हुबेहूब घालून द्यायचं, दर नेहमीच्या दुप्पट. मासिक बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. कर्जाचा हप्ता जवळ आला होता. एक ताई म्हणाली, "आपण फक्त लिहिणार, विकणारा तो." दुसरीने विचारलं, "रॉड मोडला तर गिऱ्हाईक कुणाला शोधत येईल?"

आम्ही कायदा विचारून घेतला. ट्रेडमार्क कायदा, १९९९ मध्ये कलम १०३ आहे. दुसऱ्याची नोंदलेली खूण खोटेपणाने मालावर लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. लक्षात घ्या, हे कलम खूण लावणाऱ्या हाताला लागतं. विकणाऱ्यासाठी वेगळं कलम आहे. आम्ही ते काम परत केलं. त्या महिन्याचा हप्ता सगळ्यांनी थोडे थोडे पैसे घालून भरला. ओढाताण झाली, पण रात्री झोप लागली.

त्यानंतर आम्ही दोन नियम केले. कुठल्याही दुकानाचं किंवा कंपनीचं चिन्ह घालायचं असेल, तर मालकाची लेखी परवानगी आधी हातात हवी. आणि आमच्या प्रत्येक कामाखाली गटाची स्वतःची बारीक खूण यायला हवी. कारागिराने ते आनंदाने मान्य केलं. अशी खूण नोंदवताही येते. मासेमारीच्या रॉडसाठी वर्ग २८ लागतो. एका व्यक्तीने किंवा छोट्या उद्योगाने ऑनलाइन अर्ज केला, तर एका वर्गाचं सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. आम्ही त्यासाठी गटात वेगळे पैसे साठवतो आहोत.

तुमच्या गावात रॉड नसतील, पण मसाल्याची पाकिटं असतील, पिशव्या असतील, लाकडी खेळणी असतील. आपल्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर खोटं विकू नका, आणि आपलं नाव घालायला लाजू नका. सरावासाठी जुन्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या आणि पहिलं नाव आपल्या गटाचंच लिहून बघा.