निळं, पिवळं आणि पपा

मी हैदराबादहून बोलतोय, पण गोष्ट अहमदनगरची आहे. आमचं घर मराठी ख्रिस्ती. पपा शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचायचे. रेव्हरंड टिळकांची गीतं आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाली.

एकोणिसाव्या वर्षी एका रविवारी सकाळी, सगळे तयार होऊन निघालेले असताना, मी जाहीर केलं, "मी येणार नाही. देव आहे असं मला वाटत नाही." आई रडायला लागली. आत्या म्हणाली, पुण्याला शिकायला पाठवलं तिथंच चुकलं. पपा बुटाची नाडी बांधत होते. ते म्हणाले, "बरं. दूध तापत ठेवलंय, उतू जाऊ देऊ नकोस."

मला वाटलं, जिंकलो. पुढचे सहा महिने मी जेवणाच्या ताटावर त्यांना छळलं. बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ साली लंडनमध्ये दिलेलं, आपण ख्रिस्ती का नाही हे सांगणारं भाषण मी वाचलं होतं, आणि त्यातले मुद्दे मी वरण-भातात कालवून वाढत होतो. पपा उत्तरादाखल एखादं वचन म्हणायचे. मी ते ऐकायचो नाही, तेही माझं ऐकायचे नाहीत. हा संवाद नव्हता. दोन रेडिओ शेजारी शेजारी ठेवून दोन स्टेशनं लावावीत, तसा प्रकार.

मग एका संध्याकाळी त्यांनी पुस्तकातली काही पानं माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "तुझ्या रसेलचीच आहेत."

ती १९४८ सालची, बीबीसीवर झालेली चर्चा होती. एका बाजूला रसेल, वय पंचाहत्तर. दुसऱ्या बाजूला फादर फ्रेडरिक कोपलस्टन, चाळिशीतले जेझुइट पाद्री. तत्त्वज्ञानाचा नऊ खंडांत गेलेला इतिहास त्यांनी नुकता लिहायला घेतला होता. या कोपलस्टनचे एक काका कलकत्त्याचे बिशप होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

पपांनी अट घातली. चर्चा मोठ्यानं वाचायची, पण उलटी. ते रसेल होणार, मी कोपलस्टन. मी म्हणालो, हा काय पोरखेळ. ते म्हणाले, "शाळेत नाटकं बसवलीत मी. ज्याला खलनायक आवडत नाही, त्यालाच ती भूमिका द्यावी."

वाचायला लागलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की भांडणाआधी दोघं व्याख्या ठरवून घेतात. देव म्हणजे जगाहून वेगळा, जग निर्माण करणारा, व्यक्तिरूप असा परमश्रेष्ठ. यावर दोघांचं एकमत. मग कोपलस्टन विचारतात, देव नाही हे सिद्ध करता येतं असं तुमचं म्हणणं आहे का? रसेल म्हणतात, नाही, मी अज्ञेयवादी आहे. सहा महिने मी ज्यांच्या नावानं भाला फेकत होतो, ते स्वतः माझ्याइतके पुढे गेलेलेच नव्हते!

मग मला, म्हणजे कोपलस्टनना, मुद्दा मांडायचा होता. जगातली प्रत्येक वस्तू असण्यासाठी दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे. मी आईवडिलांमुळे आहे, झाड बीजामुळे. अशा परावलंबी वस्तूंची रांग कितीही लांब केली, तरी रांग मुळात आहे का, याचं उत्तर रांगेत सापडत नाही. ते बाहेर, स्वतःच्या आधारानं असलेल्या कशात तरी शोधावं लागतं. पपांच्या तोंडून हे शंभरदा ऐकलं असतं तर मी शंभरदा हसलो असतो. स्वतःच्या आवाजात म्हणायला लागल्यावर त्याचं वजन कळलं. आणि समोरून पपा रसेलचं प्रसिद्ध उत्तर वाचत होते : प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून काय अख्ख्या मानवजातीला एक आई असते? जग आहे, बस, इतकंच. हे वाचताना पपांना भलतीच मजा येत होती, चेहऱ्यावर दिसत होतं. वाचून झाल्यावर थोडा वेळ ते गप्प होते. म्हणाले, "हे जोरदार आहे, बरं का." कोपलस्टनकडे याचं उत्तर आहे : मी रांगेला आणखी एक तशीच आई शोधत नाही, वेगळ्याच पातळीवरचं कारण शोधतोय. पण पपांनी ते माझ्याकडून लगेच वाचून घेतलं नाही.

नीतीच्या भागात माझी पाळी आली. कोपलस्टन विचारतात, चांगलं आणि वाईट यातला फरक तुम्ही कशाच्या आधारावर करता? रसेल म्हणतात, निळा आणि पिवळा जसा ओळखतो, तसाच. पुढचा प्रश्न येतो : रंग डोळ्यांनी दिसतात, चांगलं-वाईट कशानं दिसतं? उत्तर : भावनांनी. मग कोपलस्टन नाझी छळछावणीच्या अधिकाऱ्याचं उदाहरण काढतात. त्याची भावना वेगळी असेल तर? महायुद्ध संपून तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. रसेल उत्तर देतात, बहुसंख्यांच्या भावनांचाही आधार घेतात, पण माझं समाधान झालं नाही, आजही होत नाही. देव न मानणाऱ्याच्या नीतीला पायाच नसतो असं मी अजिबात म्हणत नाही. मला एवढंच म्हणायचंय, की त्या दिवशी आमच्या बाजूला तो नीट दाखवता आला नाही, आणि हे मला विरुद्ध बाजूनं बोलताना दिसलं.

हे सगळं सभ्य घरातल्या लोकांना परवडतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. मुंबईत २०१२ साली विलेपार्ल्याजवळ एका क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. सनल एडामारुकु यांनी तिथं जाऊन सांगितलं की सांडपाणी भिंतीतून केशाकर्षणानं वर चढतंय. पुढे वाद पेटला, धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, आणि ते फिनलंडला गेले. भिंत ओली का, हा प्रश्न कुणा गवंड्याला बोलावून सुटला असता. पपा तेव्हा फार चिडले होते, आणि आपल्याच लोकांवर चिडले होते. "ज्या श्रद्धेला गवंड्याची भीती वाटते ती कसली?" म्हणाले. मग मला म्हणाले, "पण तोही चर्चला पैसेखाऊ म्हणाला टीव्हीवर. पाण्याचं बोलून थांबला असता, तर मी त्याला चहा पाजला असता."

कोपलस्टन यांच्या इतिहासाचा आठवा खंड १९६६ साली निघाला. त्याच्या नावातच रसेल आहेत. ज्यांच्याशी रेडिओवर भांडण झालं त्यांचे विचार या पाद्र्यानं त्यात नेकीनं मांडलेत. मिलानचे आर्चबिशप मार्टिनी यांनी तर १९८७ पासून देव न मानणाऱ्यांनाच बोलावून व्याख्यानं ठेवली, आणि प्रत्येकाच्या आत एक श्रद्धावान आणि एक अश्रद्ध असतो, ते एकमेकांना प्रश्न विचारत असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पपांना हे फार पटायचं. माझ्या आतला श्रद्धावान मला अजून भेटलेला नाही, हे मी त्यांना सांगायचो. ते म्हणायचे, "असेल कुठंतरी चहा पीत."

त्या वाचनानंतर आमच्यात एक खूण ठरली. फोन केला की ते विचारायचे, "अजून निळं-पिवळंच का?" म्हणजे, चांगल्या-वाईटाचा पाया सापडला का. मी म्हणायचो, "अजून. आणि तुमची ती मानवजातीची आई?" ते हसायचे.

शेवटच्या आजारपणात मी महिनाभर नगरला होतो. एका रात्री त्यांनी मला स्तोत्र वाचायला सांगितलं. मी विचारलं, तेविसावं? सगळे तेच मागतात. ते म्हणाले, "नको, अठ्ठ्याऐंशीवं." ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, स्तोत्रसंहितेतलं हे फार काळोखं स्तोत्र आहे. दुसरी तक्रारीची स्तोत्रं बहुधा शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. मी म्हणालो, "पपा, मी वाचलं तर ते खोटं नाही का होणार?" ते म्हणाले, "तुला प्रार्थना कर म्हटलं नाही. वाच म्हटलं."

मी वाचलं. आत्या दाराशी उभी होती, तिला राहवलं नाही. "अरे, आजारी माणसाला असलं कुणी वाचून दाखवतं का?" पपा डोळे न उघडता म्हणाले, "त्याला त्याचं वाचू दे. तेविसावं तू वाच."

तिनं वाचलं. मी पुस्तक धरून बसलो होतो, कारण तिचा चष्मा बाहेर राहिला होता आणि तिला ओळी सापडत नव्हत्या. अडली की मी पुढचा शब्द सांगत होतो. वाचून संपलं तेव्हा पपांनी माझा हात शोधला आणि विचारलं, "अजून निळं-पिवळंच?"

मी म्हणालो, "अजून, पपा."